नखुर्डं

नखं काढायच्या नराणीच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लोंबत होता. पडेल पडेल म्हणता पडत नव्हता, आणि देवका त्याच्याकडेच बघत होती, कारण थेंबाकडे बघितलं की त्याच्याखालच्या आपल्या बोटांकडे बघावं लागत नव्हतं. बोटं गुणाबाई न्हाविणीच्या हातात होती. वडशाच्या या आळीतल्या सगळ्या बायांची नखं तीच काढायची, पायांना लाल माहूर तीच लावायची, आणि हे करताना तिचं तोंड अखंड चालू असायचं. आता ते थांबलं होतं.

"हे काय जी, इहीनबाई?"

देवकाच्या लेकीला, रंभेला, सातवा महिना लागला होता. आज तिची ओटी. पहिला मान पाहुणीचा म्हणून रंभेच्या सासूने देवकाला हाताला धरून पाटावर बसवलं. तिच्यानंतर रंभा बसणार होती, मग चुलत सासू गोकुळा, मग बाकीच्या. देवका नाही नाही म्हणाली... माह्या नखाइले का झालं, राहू द्या, पोरीचे काढा... पण मानाला नाही म्हणण्याचीही एक हद्द असते. ती संपली आणि हात द्यावा लागला.

हे हात तिने किती दिवस घासले होते! चिंच लावली, राख लावली, खोबरेल चोळलं. मूल गावाहून येताना छोट्या रेल्वेगाडीच्या बाकावर पदराआड एक बोट दुसऱ्या बोटाने खरवडत आली. काही निघालं नाही. नखांभोवतीची कातडी होती तशीच राहिली — काळी, जाड, मोहाच्या सालीसारखी तडकलेली, कडेने उचललेली, आणि त्या उचललेल्या कडेखाली गुलाबी, पातळ, हवासुद्धा लागू नये अशी.

"नखुर्डं आहे," देवका म्हणाली. "जुनं."

किती सहज आलं तोंडात! मी आजारी नाही, मला काही झालेलं नाही, आणि तरी आजाराचं नाव कसं बरं वाटलं घ्यायला — आजार देवाने दिलेला असतो, त्याला कोण काय म्हणणार. बिबा हा शब्द तेवढा येऊ द्यायचा नव्हता. मालगुजाराची जमीनदारी गेली आणि तिच्याबरोबर रंभेच्या बाबांची दिवाणजीगिरी गेली. ते अजून सकाळी टोपी घालून पुढच्या ओसरीत बसतात, आणि मागच्या अंगणात देवका दगडावर बिबा ठेवून ठेचते. आतली गोडंबी निघेपर्यंत त्याचा काळा चीक उडतो, जिथे पडेल तिथे उततो, कातडी फुगते, फुटते, पुन्हा येते. कुणी भेटायला आलं की ओसरीत रंभेचे बाबा मोठमोठ्याने खोकतात. मागचा ठोक्याचा आवाज झाकायला. ते खोकले की देवका ठोकणं थांबवते. असं त्या दोघांचं न बोलता ठरलेलं.

गुणाबाईने नराणीचं टोक एका उचललेल्या कडेखाली हलकेच सरकवलं आणि अर्ध्यावरच थांबली. "काढू का राहू देऊ? दुखते का जी?"

"नाई दुखत."

"दुखत नाई?" हे गोकुळा म्हणाली. ती पलीकडे लाडू खात बसली होती. देवकानेच आणलेले लाडू, डिंकाचे, गोडंबी घालून. "माह्या नंदीच्या गावी एका बाईचं असंच होतं, माय. बोटाइपासूनच लागलं. टोचलं तरी समजे नाई तिले. मंग गावाबाहेर खोपडी बांधून देल्ली."

तो शब्द कुणी उच्चारला नाही. पण ओसरीतल्या बाया जरा मागे सरल्या — बसल्या जागीच, लुगड्याचा घोळ सावरण्याइतक्या. देवकाला ते दिसलं. गुणाबाईने तिचा हात सोडला नव्हता, पण आधी तिने तो मुठीत धरला होता आणि आता दोन बोटांच्या चिमटीत.

"गुणा, थे नराणी रंभेच्या हाताले लावू नको," रंभेची सासू म्हणाली.

"माह्याजवळ एकच आहे न बाई. दुसरी कुठून आणू?"

"चुलीत लाल कर न मंग!" गोकुळा म्हणाली. "नाई त रंभेची नखं दातानं काढ!"

एकदोघी हसल्या. रंभेची सासू हसली नाही. ती वाईट बाई नव्हती, हेच तर... वाईट असती तर देवकाला सोपं गेलं असतं. ती पाट सरकवून जवळ बसली, अगदी जवळ नाही, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "इहीनबाई, मी म्हणतो, बाळंतपण इथीच होऊ द्या. तुमाले तरास काऊन? तुमी पयले आपल्या हाताचा इलाज करा."

देवका लेकीला न्यायला आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात विचारायचं काय असतं? तिने घर सारवून घेतलं होतं. बाज नव्याने विणवली होती. बिब्याच्या गोण्या, दगड, ठोकणं, सगळं शेजारच्या लटारूच्या गोठ्यात नेऊन टाकलं होतं, आणि ज्या जागी बसून ती बिबे फोडायची ती जागा शेणाने दोनदा लिंपली होती. आणि आता एका शब्दाने... माझ्याच शब्दाने.

तिने रंभेकडे बघितलं.

रंभा भिंतीला टेकून बसली होती, पोटावर हात ठेवून. तिला सगळं माहीत होतं. लग्नाआधी तीही दगडाशी बसायची, आईच्या हातांना राख चोळायची. लग्न ठरलं तसं देवकाने तिला बिब्याला शिवू दिलं नाही. तिच्या वाटचे स्वतः फोडले, आणि पोरीची बोटं एकेक करून निवळत गेलेली बघितली, वाफा उगवताना बघावा तशी. आता त्या बोटांवर काही नव्हतं. रंभा एक शब्द बोलली नाही. बरं झालं, बोलू नको, पोरी... देवकाला आधी सुटल्यासारखंच वाटलं, आणि त्याच्या मागोमाग — बोल न वं. एवढं तरी म्हण, की माह्या मायले रोग नाई. म्हण न!

लेकीकडून हे मागावंसं वाटलं याचीच तिला इतकी लाज वाटली की तिने ते स्वतःच म्हणून टाकलं.

"नखुर्डं नाई जी ते. बिबे फोडतो मी. गोडंबी काढतो, बजारात देतो."

मग गोकुळाच पहिल्यांदा बोलली. "अवं माय! अन् मी कवाची पुसून राह्यली, एवढी गोडंबी घातली कुठून यायनं!" आणि तिने उरलेला लाडू तोंडात टाकला.

"असं सांगाचं ना जी मंग!" रंभेची सासू म्हणाली. तिचा चेहरा खरोखर सैल झाला. "माह्या जीवात जीव आला." पण थोड्या वेळाने, सुपारी कातरता कातरता, "...घरी बिबा असते म्हंजे... वली बाळंतीन, कोवळं लेकरू. उतला त?"

"घरात नाई आता. हलवला सारा. पोर येते म्हणून."

"हो, थेही आहेच. पाहू. संध्याकाळी याइले इचारतो."

विचारतील. घरातली पुरुषमाणसं ठरवतील. मालगुजाराच्या दिवाणजींची लेक म्हणून सून केली होती, त्यांना आता कळेल. आणि रंभेच्या बाबांना? उद्या परत गेल्यावर त्यांना काय सांगायचं — तुम्ही जे खोकून झाकत होता ते मी तुमच्या व्याह्यांच्या ओसरीत ठेवून आले?

सांगून टाकल्यावर लाज जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. बोटांतून निघून ती दुसरीकडेच कुठेतरी जाऊन बसली. कुठे ते देवकाला सापडेना. गुणाबाईने बोटांना तेल चोळून हात सोडून दिले, नख एकही काढलं नव्हतं. रंभा उठली, पाटावर येऊन बसली आणि न्हाविणीपुढे आपला हात धरला. "काढ," एवढंच म्हणाली. कुणाची बाजू घेतली तिने? की नुसता विषय संपवला? आवाजावरून कळेना. ही माझीच का, जिच्या रडण्यावरून मला भूक आणि झोप वेगळी कळायची?

तशी ती बघत राहिली आणि मग हळूहळू ध्यानात आलं... घर सारवलं, बाज विणवली, गोण्या हलवल्या, आता पुरुषांना विचारणार आहेत, पण पोरीला कुणी विचारलंच नाही. मीही नाही. हिला यायचं आहे का? त्या अंगणात, त्या दगडाच्या जागेशेजारी? तुले येवाचं आहे का वं घरी? — एवढेच शब्द. ओसरीभर बायांपुढे बिबे फोडते म्हणून सांगता आलं, आणि हे एवढेसे शब्द मात्र, परक्या बाईकडे काही मागायला जावं आणि दारातच पाय अडावा तसे, ओठांशी येऊन थांबले. देवका रंभेकडे बघत राहिली, आणि रंभा न्हाविणीच्या मुठीतल्या आपल्या हाताकडे.