फॉइलवरची भोकं

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. या घरातल्या सासूबाईंची मेल्यावरही गेली नाही, असं निदान सासऱ्यांचं तरी ठाम मत होतं.

बाई हयात असताना शिजतं भांडं कधी उघडत नसत. वर अॅल्युमिनियम फॉइल ताणून बसवायची आणि विणायच्या सुईने तिच्यातूनच टोचून पाहायचं. सुई अलगद आत गेली की शिजलं. नाही गेली की सुनेकडे एक नजर आणि "अजून कच्चं." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सुनेचा एक बटाटा त्या सुईला कधी पसंत पडला नाही.

त्या गेल्या आणि सासऱ्यांची अन्नावरची वासनाच उडाली. ताट समोर आलं की विचारायचे, "तिने बघितलंय का?" नवरा बोटीवर नोकरीला, महिनोन्‌महिने बाहेर. म्हाताऱ्याला जगवायचं कसं, हा घोर एकट्या सुनेला.

मग एका सकाळी फ्रिजमधल्या स्टीलच्या भांड्यावरच्या फॉइलला भोकं दिसली. बारीक, सुईची असावीत तशी. आत टोमॅटोच्या रश्श्यातले बटाटे होते. सुनेच्या अंगावर काटा आला. सासऱ्यांनी मात्र फॉइल उजेडात धरली, भोकांतून खिडकीकडे पाहिलं आणि पोटभर जेवले. तेव्हापासून रोज टोमॅटो, रोज तेच भांडं, रोज भोकं. म्हाताऱ्याच्या गालांवर मांस चढलं आणि सून फ्रिजकडे पाठ करून उभी राहीनाशी झाली.

शेवटी तिने नणंदेला फोन केला. नणंद डबाबंद अन्नाच्या कारखान्यात तपासनीस, भुताखेतांना भीक घालणारी नव्हे.

"वहिनी, आई कसली, टोमॅटो आहे तो! आंबट-खारट पदार्थाला फॉइल टेकली आणि भांडं स्टीलचं असलं, की फॉइल झिजते, भोकं पडतात. झिजलेली अन्नात उतरते, आणि ते तू बाबांना वाढतेस? आंबट असेल ते काचेच्या भांड्यात ठेव, वर ताटली झाक. फॉइल लावायचीच तर अन्नाला टेकू देऊ नकोस."

सुनेला हायसं वाटलं, आणि का कोण जाणे, थोडं वाईटही. उरलेलं सगळं तिने फेकून दिलं. काचेच्या खोल भांड्यात नुसते उकडलेले बटाटे ठेवले, फॉइल वर चांगली चार बोटं अंतर राखून ताणली. सकाळी फॉइल कोरीच्या कोरी. सासऱ्यांनी ताट सरकवलं. "आली नाही ती." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सुनेच्याही घशाखाली घास उतरेना, पण ते तिने कुणाला सांगितलं नाही.

मग चौथ्या सकाळी तिने सासूची सुई काढून स्वतःच भोकं पाडली. सासऱ्यांनी त्यांवरून बोट फिरवलं.

"ही तुझी आहेत. तू घाबरत टोचतेस."

रागावले असते तर परवडलं असतं. सुनेला रडू कोसळलं. तिने सुई पर्समध्ये कोंबली, बटाट्यांवर नवी फॉइल लावली आणि रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाली, "आई, मी हात टेकले. आता तुमचं माणूस तुम्ही सांभाळा." आणि कामावर निघून गेली.

संध्याकाळी परतली तर सासरे टेबलाशी बसून जेवत होते. भांडं अर्धं रिकामं. फॉइल बाजूला, तिच्या कडांना भांड्याच्या काठाचा वळसा अजून तसाच. मधोमध भोकं.

"बाबा, तुम्ही टोचलंत?"

"मी कशाला टोचू? बघ ना हात लावून."

तिने बोट फिरवलं आणि झटकन मागे घेतलं. वरून टोचलं की भोकाच्या कडा खाली वळतात. या कडा वर आल्या होत्या, बोटाला बोचत होत्या. कुणीतरी आतून टोचलं होतं. तिने पर्स चाचपली. सुई तिथेच होती.

सासरे शांतपणे घास चावत होते. "छान शिजलेत म्हणाली," ते म्हणाले.

सून उभीच्या उभी राहिली. हे ऐकायला तिने जन्म काढला होता.

"आणि म्हणाली, पोरगी तीन दिवस उपाशी आहे, तिला आधी वाढा."

त्यांनी दुसरी ताटली पुढे केली. ती आधीच वाढलेली होती. सून बसली आणि जेवली.