काळूच्या जागी वेदिका

मी एका कोल्ड स्टोरेजचा सर्व्हर सांभाळते. तो चालतो युनिक्स नावाच्या सिस्टीमवर. युनिक्सचं मोठेपण एवढंच, की सेटिंग साध्या फाईलीत लिहिलेली असते. उघडा, बदला, विषय संपला. पण आमचा सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीला हे सुख बघवलं नाही. तिनं सगळ्या सेटिंग्ज स्वतःच्या कुलूपबंद डेटाबेसात कोंबल्या. फाईल आहे, पण नुसती दाखवायला.

मखमलाबादच्या शेतकऱ्यांचे गुलाब आमच्याकडे असतात. ऐन लग्नसराईत खोली थंड ठेवणारा कंट्रोलर जळाला. सर्व्हरला तो 'काळू' या नावानं माहीत होता. मालक कुंदनदादांनी नवा आणला, नारळ फोडला, हार घातला आणि हौसेनं त्याला लेकीचं नाव दिलं, वेदिका.

मी फाईलीत काळू खोडून वेदिका लिहिलं, सर्व्हर बंद करून चालू केला. बघते तर डेटाबेसातून पुन्हा काळू! परत बदललं, परत काळू. मेलेल्या काळूला हाका मारत तो ठोंब्या सर्व्हर बसला आणि खोली तापत चालली. कंपनीला फोन लावला.

"मॅडम, डेटाबेस फक्त आमचा इंजिनियर उघडतो. सोमवारी येईल."

सोमवारपर्यंत गुलकंद झाला असता.

कुंदनदादा रडकुंडीला आले. "शुभांगीताई, कायतरी करा. लोकांना काय तोंड दाखवू?"

"सर्व्हर काही बदलत नाही. नव्या कंट्रोलरचंच नाव काळू करते."

"माझ्या पोरीचं नाव काढून काळू? नाय जमणार!"

माझं टाळकं सटकलं. "दादा, मी मनाली होते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं शुभांगी लिहिलं, झालं. मला कुणी विचारलं होतं?"

दादांनी मान डोलावली. मी नाव बदललं आणि सर्व्हरला त्याचा काळू सापडला. खोलीत गार वारा सुटला. दादांनी कंट्रोलरवरचा हार काढून हळूच खिशात घातला. मला त्यांची कीव आली आणि स्वतःची जास्त.

इंदिरानगरला घरी आले. सासूबाईंनी आतून हाक मारली, "शुभांगी, चहा टाक गं." मी सोफ्यावर बसून राहिले. त्यांनी परत हाक मारली. शेवटी बाहेर आल्या.

"ऐकू येत नाही का?"

"मनाली म्हणून बघा," मी म्हटलं. "लगेच उठते."