कूस बदलणारी काच

मी काच बोलतेय, चष्म्यातली, डाव्या डोळ्याची. उजवीकडची माझी जुळी बहीण मुखदुर्बळ, म्हणून दोघींच्या वतीनं मीच तोंड उघडते.

आमचा जन्म प्रयोगशाळेत, एका लेकीच्या हातून झाला. तिच्या आईला उजेड सोसत नव्हता. जरा ऊन दिसलं की कपाळ ठणकायचं. बिचारी पडदे ओढून घरात बसायची. दुकानातल्या रंग बदलणाऱ्या काचा तिला पुरेनात आणि काळ्या चष्म्यानं ती घरातच ठेचकाळायची. लेकीनं हट्टच धरला, आईला अंगणात बसवीनच! तिनं माझ्यावर बारीक रेणूंचा थर चढवला. ऊन लागलं की ते कूस बदलतात, मी गडद जांभळी होते. सावलीत ते परत वळतात, मी नितळ. ऊन जितकं कडक, तितकी मी गडद.

पहिल्या दिवशी आई भर दुपारी अंगणात आली आणि खुर्चीत बसून चक्क रडली. मलाही भरून आलं हो, पण काचेला पाझर कुठला!

मग सुरू झालं प्रदर्शन. लेकीनं काचा तपासायला ठेवलेली जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी आईच्या हाती लागली. ऊन नसलं तरी तिच्या झोतात मी लगेच रंग बदलायची. दूधवाला आला, मारली बॅटरी. शेजारीण आली, मारली बॅटरी.

"बघा तरी! माझ्या लेकीनं केलीय!"

मीही फुशारले, खोटं कशाला बोलू? पण दर खेपेला थोडे रेणू कूस बदलायचे आणि तसेच पडून राहायचे. शेवटी मी घरातही जांभळीच राहिले आणि भाजी चिरताना आईनं बोट कापून घेतलं.

लेक धावत आली. मला उजेडाला धरून म्हणाली, "आई, लोकांना दाखवत होतीस ना?"

"छे गं! म्हणजे... एखाद्या वेळी."

लेक चिडली आणि मग तिला हसूच फुटलं. तिनं नव्या काचा करून आणल्या. पण आईनं इतका धसका घेतला की नवा चष्मा गेला डबीत आणि डबी कपाटात. "झिजेल गं. तुझी मेहनत आहे ती." पडदे पुन्हा ओढले गेले. जुन्या चष्म्यातली मी खिडकीत पडून हे बघायची आणि जीव तुटायचा. अगं बाई, जपून ठेवायला का केलं होतं आम्हाला?

आज लेकीनं अंगणात दोन खुर्च्या मांडल्या. एकीत स्वतः बसली आणि तिथूनच ओरडली, "आई, काच झिजली तर दुसरी करीन. तुझ्यासोबतची दुपार कुठून करून आणू?"

मग कपाटाचं दार करकरलं. डबी टक्कन उघडली. आई दाराशी आली, थबकली, आणि उन्हात उतरली. तिच्या नाकावर त्या दोघी नव्या काचा झरझर जांभळ्या झाल्या.

जा गं पोरींनो, जा. मनसोक्त झिजा.