सांबरशिंगी मुठीचा चाकू

बकारामला चांगल्या हत्याराचं भारी वेड. सडक अर्जुनीत धानाची शेती करणारा हा माणूस एकच बंडी दोन-दोन वर्षं अंगावर चालवायचा, पण विळ्याची धार बोथट झालेली त्याला बघवत नसे. बाजारातल्या चार आण्यांच्या चाकूंना तर तो विटला होता. एकाची मूठ हलायची, दुसरा पावसाळ्यात गंजून उघडायचाच नाही. म्हणून त्या वर्षी दिवाळीआधी गोंदियाला गेला असता छोटेलालच्या दुकानात विलायती घडीचा चाकू दिसला, तेव्हा त्याचा पाय तिथून निघेना. सांबरशिंगाची मूठ, दोन पाती, आणि पातं मिटताना होणारा तो टक् असा घट्ट आवाज.

"पाँच रुपये ज्यादा लगते हैं, मालूम है पटेल," छोटेलाल म्हणाला. "लेकिन तुम्हारा बेटा भी यही चाकू चलाएगा."

घरी बायकोनं, रुख्मानं, चाकू हातात घेतला आणि किंमत ऐकून तसाच परत दिला.

"पाच रुपयाच्या चाकूनं वांगं काय अलग कापते?"

"तुले नाई समजत. हा मोडत नाई."

"मंग आता याची राखण कोण करन?"

राखण त्यालाच करावी लागली. चाकू बंडीच्या आतल्या खिशात असायचा आणि बकारामचा हात घटकेघटकेला खिशावर जायचा. धानाच्या बांधीत वाकला की हात खिशावर, नाल्यावर हात धुतले की हात खिशावर. कुणी दोरी कापायला मागितला तर तो स्वतः उठून जायचा, कापून द्यायचा आणि पातं पुसून परत ठेवायचा. वस्तू मनासारखी मिळाली होती, पण जिवाला स्वस्थता नव्हती.

दिवाळीनंतर कोहमाऱ्याला मंडई, म्हणजे गावची वार्षिक जत्रा, भरली. मंडईच्या दिवशी झाडीपट्टीतल्या घराघरात पाहुणे मावत नाहीत. बकारामची धाकटी बहीण मंदाबाई तिथंच दिली होती. रुख्माला घेऊन तो रेंगीनं, आपल्या हलक्या बैलगाडीनं गेला. दुपारी अंगणात बसून त्यानं पोरांना ऊस सोलून दिला. मंदाबाईचा नवरा केवलराम शेजारीच बसला होता. त्यानं चाकू मागून घेतला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"चीज आहे भाऊ," तो म्हणाला. "असा चाकू माह्याजवळ असता तं कोणाच्या हाती देल्लोच नसतो."

सगळे हसले. बकारामही हसला.

सांजेला घरी पोचल्यावर खिशावर हात गेला तो रिकाम्या खिशावर. अंधुक उजेडात त्यानं रेंगीत अंथरलेली धानाची तनस उपसली, बैलांच्या पायाखालची जागा चाचपली, कंदील घेऊन वाटेनं मागे जाऊन आला. चाकू नव्हता, आणि तो केवलरामकडून परत घेतल्याचंही त्याला नीट आठवेना. मग मनात एकच गोष्ट फिरू लागली. तो चाकू उघडणारा केवलरामचा अंगठा, आणि त्याचं ते वाक्य.

"जवाई आहेत ते," रुख्मा म्हणाली. "असं मनातही आनू नोका."

"मी कोठी काई म्हनून राहिलो?"

पण त्याला जेवण जाईना. धान कापणीला आलं होतं, मजूर बांधीत उतरले होते, आणि हा बांधावर येरझारा घालत होता. शेवटी एका सकाळी विळा बांधावरच टाकून तो कोहमाऱ्याच्या वाटेला लागला. वाटभर त्यानं शब्द जुळवले: सहज विचारायचं, पोरांनी कुठं ठेवला का म्हणून. पण केवलराम घरापुढच्या खळ्यावर चार माणसांत उभा दिसला आणि जुळवलेलं सगळं विसरून तो एकदम बोलला, "जवाई, माहा चाकू तुमच्याजवळ राह्यला का?"

केवलराम तसाच वळला. घरात गेला, आपली लोखंडी पेटी उचलून खळ्यावर आणली आणि सगळ्यांदेखत उलटी केली. धोतरजोडी, मुलाची जुनी टोपी, एक फुटका आरसा, लग्नातला शेला जमिनीवर पडला.

"पाह्यून घ्या भाऊ."

आणि बकारामनं पाहिलं. नजर खाली घालायची सोडून ती त्या कपड्यांवरून फिरली. ते केवलरामनं पाहिलं, दारात उभ्या मंदाबाईनंही पाहिलं. बकाराम पाणीही न पिता परत फिरला.

कापणी आटोपली. भारे वाहायला रेंगी मोकळी करायची म्हणून बकारामनं तळाशी बसवलेला बांबूचा तट्टा उचलला, तर तट्टा आणि फळीच्या फटीत चाकू उभा अडकलेला. आधी त्याला आनंदच झाला. त्यानं पातं उघडलं. एवढे दिवस दवात राहूनही गंजाचा ठिपका नव्हता. मग केवलरामची उलटी पेटी आठवली आणि तो जुवावर बसला.

रुख्मानं लांबून पाहिलं. ती जवळ आली आणि चाकू पाहून परत फिरली.

रुख्माखेरीज चाकू सापडल्याचं कुणाला कळायचं कारण नव्हतं. दोन-तीन दिवस त्यानं तो धान्याच्या कोठीमागं दडवून ठेवला. पण आता आधीपेक्षा वाईट झालं. अंगणात कुणी आलं की तो उठायचा, कुत्रं भुंकलं की दाराशी जायचा. स्वतःच्याच घरात चोरासारखा वागत होता. अखेर त्यानं चाकू खिशात घातला आणि कोहमारा गाठलं.

मंदाबाई अंगण सारवत होती. त्यानं चाकू तिच्यापुढं धरला.

"रेंगीत होता. तट्ट्याखाली."

ती उठली नाही. "दादा, चार आण्याचा चाकू हारपला असता तं तू आला असता का आमच्या खळ्यावर?"

"हा जवाईलेच देऊन टाकतो," तो म्हणाला. "ठेव घरात."

"आमच्या घरात?" तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "लोकं म्हनतीन, पाह्य, चाकू त्यायच्याच घरी निंगाला. घेऊन जाय तो. आन जाच्या आधी खळ्यावर जाय."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. चूक निस्तरायलाही तो चाकू कामाचा नव्हता.

खळ्यावर केवलराम धानाच्या पेंढ्यांवरून बैल फिरवत होता. तीच माणसं होती. बकारामनं चाकू हातात उंच धरला आणि सांगितलं की हा माझ्याच रेंगीत होता, जवाईंवर मी खोटा आळ घेतला. सगळ्यांना ऐकू गेलं. बैल त्याच्यासमोरून गेले, फिरून आले, पुन्हा गेले. केवलरामनं कासरा सैल केला नाही. आणखी एका फेरीला तो जवळून जाता जाता म्हणाला, "मंदी भात वाढन. जेवून जा."

बकाराम जेवला. केवलराम पंगतीला आला नाही.

पुढच्या वर्षी सडक अर्जुनीच्या मंडईला केवलराम आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आला. बैलांचं बोलला, पाण्याचं बोलला, भात दोनदा मागून घेतला. निघाला तेव्हा बकाराम त्याला पोचवायला वेशीपर्यंत गेला, मग गावाबाहेरच्या बोडीपर्यंत, त्या लहान तळ्यापर्यंत, मग बोडी मागं पडली तरी त्याच्यासोबत चालतच राहिला. त्या दिवशीच्या खळ्याबद्दल एकदा बोलायचं होतं.

"भाऊ," केवलराम थांबून म्हणाला, "आता वापस जा ना. किती दूर येता?"

"येऊन राहिलो जरासा," बकाराम म्हणाला, आणि दोघं पुढं चालू लागले.