राष्ट्रगीत आणि मासिना मावशीची डुकरं

आमच्या नुकुवाई देशाचं राष्ट्रगीत माझ्या बाबांनी केलं. ते पोलीस बँडचे मास्तर. आईला मागणी घालताना त्यांनी ती चाल वाजवली, "लुपेता, ही तुझ्यासाठी केली" म्हणाले, आणि देश स्वतंत्र झाल्यावर तीच सरकारला देऊन टाकली. त्यामुळे रोज सकाळी सहाला रेडिओवर राष्ट्रगीत लागलं की अख्खा देश उभा राहतो, आई तेवढी खुर्चीत. "माझ्याच गाण्याला मी कशाला उठू?"

यंदा पन्नासावं वर्ष. बाबा आता नाहीत, म्हणून त्यांच्या नावाचा दगड मैदानात बसवायचं ठरलं. तिमोई पाथरवटानं 'चाल :' एवढं कोरलं आणि आईच्या माहेरची मासिना मावशी कमिटीसमोर उपटली.

"कसलं डोंबलाचं प्रेमगीत! ही तर आमच्या गावाकडची डुकरं बोलवायची हाळी."

"म्हणजे पन्नास वर्षं सगळा देश छातीवर हात ठेवून डुकरं बोलावतोय?" आई कडाडली.

"येतात की! शहरात लग्न करून आलीस नि विसरलीस?"

"मी आणि डुकरं? शी!"

तेवढ्यात कमिटीतले पाद्रीबाबा खाकरले. "मुळात ही आमच्या चर्चमधली चाल. वहीत होती. वही वाळवीनं खाल्ली."

"मग वाळवीलाच आणा साक्षीला," मावशी म्हणाली.

कमिटी मला ट्रम्पेटसकट मावशीच्या वाडीवर घेऊन गेली. मीही पोलीस बँडमध्येच आहे. दोन ओळी वाजवल्या तर झाडीतून अकरा डुकरं उधळत आली, एक माझ्या बुटावरच बसलं.

"घ्या!" मावशी म्हणाली.

"खायला कधी घालतेस?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"सकाळी सहाला."

"आणि रेडिओ?"

"चालू असतो की."

झालं! आता डुकरांमुळे राष्ट्रगीत, की राष्ट्रगीतामुळे डुकरं? कमिटीच्या अध्यक्षांनी डोकं धरलं. डुकरांना विचारायची सोय नव्हती.

आईनं जेवण टाकलं. "माझ्यासाठी केली म्हणाले होते रे," ती मला म्हणाली. "खोटं असेल तर मी हो कशाला म्हटलं मग?"

मला काय कळणार! मला वाजवता येतं, एवढंच.

समारंभाच्या दिवशीही निकाल नव्हताच. 'चाल :' पुढे मोकळा दगड, त्यावर कापड. समोर चटयांवर भाजलेले नीरफणस, मासे, अळकुड्या. मावशीनं पुरावा म्हणून डुकरं ट्रकात घालून आणली होती आणि मैदानामागं बांधली होती. राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नाही, असा आमचा कायदा. मान वळली तरी हवालदार नाव लिहून घेतो. आईकडे तेवढा काणाडोळा करतो.

आम्ही सुरू केलं. तिसऱ्या ओळीला दोर तुटले.

अकराच्या अकरा डुकरं चटयांवर तुटून पडली. पंतप्रधान ताठ उभे, नुसते डोळे फिरवतायत. नीरफणस गेले, मासे गेले, एका डुकरानं दगडावरचं कापड ओढून अनावरणही उरकलं. कुणी हलेना. मावशीही हलेना, हवालदार तिच्याच शेजारी होता. आणि मी वाजवतोय! थांबलो तर गुन्हा, वाजवावं तर डुकरं आणखी खूश.

तेव्हा आई उठली. राष्ट्रगीताला, पन्नास वर्षांत पहिल्यांदा. तिनं हवालदाराकडे बघितलंही नाही, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि त्याच तिसऱ्या ओळीची हाळी घातली, शेवटी लांबलचक "हूऽऽईऽऽ" लावून. डुकरांनी माना वर केल्या आणि शाळेतल्या पोरांसारखी रांगेत तिच्या मागून ट्रकापर्यंत गेली.

"आई, हे तुला कुठून येतं?" राष्ट्रगीत संपताच मी धावत जाऊन विचारलं.

"लग्नाआधी वीस डुकरं होती माझ्याकडे," ती धापा टाकत म्हणाली. "तुझे बाबा रोज कुंपणाशी उभे राहून ऐकायचे." मग एकदम थांबली. "म्हणजे... माझ्यासाठी केली, की माझ्याकडून घेतली?"

"मी काय सांगत होते!" मावशी.

"तुला कुणी शिकवली?" पाद्रीबाबा.

"आजीनं."

"आणि आजीला?"

"कोण जाणे. चर्चमध्ये झाडलोट करायची ती."

पाद्रीबाबा फुलले.

"तिची डुकरंही चर्चच्या आवारातच चरायची," मावशी म्हणाली. "मग चर्चनं कुणाची उचलली?"

पाद्रीबाबा मावळले. अध्यक्ष म्हणाले, त्यांना चक्कर येतेय.

तिमोई छिन्नी घेऊन उभाच होता. "ऊन चढतंय. काय कोरू ते एकदा सांगा."

सगळे आईकडे बघायला लागले. ती मोकळ्या दगडाकडे वळली आणि तिला हसू फुटलं.

"ह्याच्या बाबांचंच नाव घाल. मी डुकरांना बोलवत होते, आले ते."