पुढनं

रणजीतचं तोंड खंडूनं कीबोर्डवर आपटलं तेव्हा सगळे सूर एकदम किंचाळले. दात ओठात घुसला, पांढऱ्या पट्ट्यांवर रक्त सांडलं. हेडफोन मात्र कानावरच राहिला.

चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या टायरच्या दुकानावर हा स्टुडिओ. इथं भाऊलोकांच्या वाढदिवसाची गाणी बनतात. गाण्यात भाऊचा डायलॉग लागतोच. खंडूभाऊचा होता, 'मारायचं तर पुढनं ये'. गेल्या वर्षीच्या गाण्यानं तो पार मोशीपर्यंत पोरांच्या तोंडी बसला, टेम्पोंच्या मागं रंगवला गेला. यंदा रणजीतनं डोकं चालवलं आणि गायला, 'मारतो तर पुढनं मारतो'. भाऊला कोण मारणार, एवढाच त्याचा विचार.

"माझा डायलॉग बदलतो?"

खंडूनं रणजीतचा उजवा पंजा टेबलावर दाबला आणि खालच्या दुकानातून आणलेला पाना उचलला. रणजीतचं घर त्या बोटांवर चालायचं.

कोपऱ्यात, लंगडा पाय स्टुलावर टाकून, गाणी लिहिणारा चिमाजी चहा पीत होता. डायलॉग मुळात त्याचा. भंगाराच्या ठेक्यावरून खंडूनं कंपनीच्या गेटवर मागून येऊन रॉडनं त्याचा गुडघा फोडला, तेव्हा मातीत पडल्यापडल्या तो हे ओरडला होता. गेल्या वर्षी गाणं लिहिताना त्यानं ते गुपचूप खंडूच्या नावावर घातलं. ऐकून ऐकून खंडूला ते स्वतःचंच वाटायला लागलं. मिरवणुकीत पोरं ते खंडूच्याच तोंडावर ओरडायची, खंडू खूश होऊन हात हलवायचा. चिमाजीला एवढी मजा उभ्या जन्मात आली नव्हती.

"चिमाजी, तू होता तिथं गेटवर. मी काय म्हणलो, सांग याला."

पाना अजून बोटांवर उगारलेलाच होता. चिमाजीनं कप खाली ठेवला.

"बरोबर गायलाय तो, भाऊ. मारतो तर पुढनं मारतो. हेच म्हणला होता तू."

खंडूनं त्याच्या गुडघ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नक्की?"

"मी खालीच पडलो होतो की राव. सगळं ऐकू येत होतं."

पाना हळूच टेबलावर टेकला. रणजीतनं हात पोटाशी ओढून घेतला. मग तसंच घ्या, खंडू म्हणाला, आणि मागं कोरस पाहिजे. कोरसला कोणी नव्हतं. चिमाजीच लंगडत माइकपाशी गेला.

पहिला टेक खंडूला पटला नाही. आवाजात जीव नाही म्हणाला.

दुसऱ्यांदा चिमाजी असा ओरडला, की खालचा टायरवाला जिना चढून बघायला आला.