बाल्कनीतले अकरा डबे

आम्रपालीच्या वहीप्रमाणे गाडी हजार किलोमीटरमागे एक लिटर इंजिन ऑइल पीत होती. गाडी जेमतेम वर्षाची. कंपनीचं म्हणणं, "मॅडम, दोष इंजिनात नाही, चालवण्यात आहे." भौतिकशास्त्रात एमएस्सी केलेल्या मुलीला असलं काही आकड्यांशिवाय सांगून चालत नाही. तिने जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करून नवं इंजिन मागितलं. आयोगाने तज्ज्ञ नेमले, इंजिनिअरिंग कॉलेजातले शरच्चंद्र सर.

सरांनी ऑइलची पातळी मोजली, फोटो काढला आणि म्हणाले, "आता नेहमीसारखी वापरा. हजार किलोमीटर झाले की या."

कर्वेनगर ते हिंजवडी आणि परत, असे महिन्याभरात हजार झाले. तपासणीला वडील सुखदेवही आले. निवृत्तीनंतर घेतलेली ही घरातली पहिली नवी गाडी. ती परक्या माणसाने उघडायची तर आपण शेजारी हवं, असं त्यांचं मत होतं.

सरांनी डिपस्टिक ओढली, पुसली, पुन्हा घालून पाहिली. पातळी होती तिथेच.

"गाडीने उपास धरलाय वाटतं," कंपनीचा इंजिनिअर गंधार म्हणाला. "लिहून टाका सर, दोष नाही."

आम्रपालीने वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. सरांनी पेन काढलं.

"म्हणजे या वहीतल्या नोंदी खोट्या धरायच्या?" त्यांनी विचारलं.

सुखदेव इतका वेळ टायरकडे बघत होते. "खोट्या कशा? पोरीच्या नोंदी बरोबर आहेत. मी भरलं ऑइल."

"पप्पा!"

"साहेबच म्हणाले ना, नेहमीसारखी वापरा? नेहमी मी भरतोच. तीस वर्षं पाटबंधारे खात्यात धरणाची पातळी लिहिली मी. पातळी उतरलेली बघवत नाही मला. आणि चार लोकांपुढे गाडीची शोभा कशाला?"

"अहो पप्पा, शोभा व्हावी म्हणूनच आलोय आपण!"

"तोंडी सांगणं रिपोर्टात कसं घालू?" सर म्हणाले. "पुरावा?"

पुरावा घरी बाल्कनीत होता. सगळे तिकडे गेले. ऑइलचे अकरा रिकामे डबे, तोंडं कापलेली, साबणाने धुतलेले. कशात कोरफड, कशात सदाफुली. प्रत्येकावर मार्करने तारीख आणि किलोमीटर. डबा रिकामा झाला त्याच दिवशी त्यात रोप लावायचं, अशी शिस्त. अकराव्यातली सदाफुली बारा दिवसांपूर्वी, म्हणजे तपासणीच्या महिन्यातच लावलेली होती.

"झाडं पुरावा म्हणून?" गंधार म्हणाला.

"तुमच्या सर्व्हिस बुकापेक्षा नोंदी नीटनेटक्या आहेत," सर म्हणाले.

मग त्यांनी ऑइलच्या झाकणाला सील लावलं आणि आणखी हजार किलोमीटर सांगितले. "मध्ये काहीही घालायचं नाही. पाणीसुद्धा दाखवू नका."

तो महिना सुखदेवांना जड गेला. रोज सकाळी ते बॉनेटवर हात ठेवून उभे राहत. आम्रपाली खिडकीतून लक्ष ठेवी. महिन्याअखेर डिपस्टिक तळाशी जेमतेम ओली निघाली. गंधारने ती स्वतः पुसून पुन्हा घालून पाहिली.

आयोगाचा आदेश आला, कंपनीने नवं इंजिन बसवून दिलं. नव्या इंजिनाचे पहिले हजार किलोमीटर झाले आणि पातळी केसभरही हलली नाही. आम्रपालीने वहीत शून्य लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

सुखदेव मात्र हातात शेवंतीचं रोप घेऊन बाल्कनीत खोळंबले होते.

"सगळं ठीक झालं गं," ते म्हणाले, "पण आता हे लावू कशात?"